‘युनियननं गिरण्या बुडवल्या’ म्हणणाऱ्या फॉरवर्डबद्दल

18 जानेवारी, म्हणजे मुंबईचा गिरणी संप सुरू झाला तो दिवस, जवळ आली की एक मजकूर ग्रुपांमधून फिरायला लागतो. 1 मेला तो पुन्हा उगवतो. त्याचा मतलब असा: कामगार पुढारी दत्ता सामंतांच्या 1982 च्या संपानं मुंबईच्या गिरण्या बुडाल्या, भोळे कामगार पुढाऱ्याच्या नादी लागून देशोधडीला लागले, युनियन म्हणजे निव्वळ दादागिरी, आणि आता ठेक्याच्या नि ॲपच्या जमान्यात तिची गरजच उरलेली नाही. खाली हात जोडलेली इमोजी. चार वेगवेगळ्या गोष्टींची एकच मोळी बांधलीय, ती सोडवू.

“संपामुळे गिरण्या बंद पडल्या.”

मग अहमदाबादच्या का पडल्या? तिथं 1920 सालापासून मजूर महाजन हा गिरणी कामगारांचा संघ होता, गांधीजींच्या विचारांवर उभा राहिलेला, लवादानं नि समजुतीनं तंटे मिटवणारा. मुंबईसारखा संप तिथं झालाच नाही. तरी ऐंशी-नव्वदच्या दशकांत अहमदाबादच्या गिरण्यांना एकामागून एक टाळी लागली आणि लाखाहून जास्त लोकांचं काम गेलं. दोन्हीकडे दुखणं एकच होतं. यंत्रं जुनाट झालेली, गिरणीतला नफा भलत्याच धंद्यात वळवलेला, आणि समोर भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी, सुरतेच्या यंत्रमागांवर कमी मजुरीत विणलेलं कापड. मुंबईचे काही मालक तर संपाच्या आधीपासूनच भिवंडीत कापड विणून घेऊन त्यावर आपल्या गिरणीचा शिक्का मारत होते.

सामंत चुकले नाहीत असं मी म्हणत नाही. इंजिनिअरिंग कारखान्यांत त्यांचा हिशेब बरोबर यायचा. तिथं नफा बक्कळ, उत्पादन थांबलं की मालक बोलणी करायला यायचा. गिरणीमालकाच्या गोदामात मात्र न खपलेला माल पडून होता. त्याला संप परवडत होता. हे ओळखून वेळेवर माघार घ्यायला हवी होती, ती घेतली नाही. संप रीतसर मागे घेतल्याची घोषणा आजतागायत झालेली नाही. संपानं गिरण्यांचं मरण अलीकडे ओढलं, इथवर मला मान्य आहे.

पण पुढं काय झालं ते फॉरवर्डमध्ये कधीच नसतं. 13 गिरण्या 1983 मध्ये सरकारनं ताब्यात घेतल्या. इतरही बऱ्याच पुन्हा सुरू झाल्या, फक्त सगळ्या कामगारांना आत घेतलं नाही. मग 1991 ची विकास नियंत्रण नियमावली आली. गिरणीची जमीन विकसित करायची तर एक तृतीयांश मोकळ्या जागेसाठी पालिकेला, एक तृतीयांश घरांसाठी म्हाडाला, उरलेली मालकाला. 2001 मध्ये त्यात दुरुस्ती झाली आणि ही वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जागेपुरती राहिली. शेड पाडून मोकळी केलेली जमीन वाटणीतून सुटली. सर्वोच्च न्यायालयानं 2006 मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केलं. लोअर परळमध्ये चालत्या गिरणीपेक्षा बंद गिरणी महाग झाली, यात कुठल्या युनियनचा हात होता? कामगारांच्या घरांची 2012 ची पहिली सोडत 6,925 घरांची होती. अर्ज लाखाच्या वर.

“भोळे कामगार पुढाऱ्याच्या नादी लागले.”

उलट कामगारच सामंतांकडे गेले. 1981 च्या दिवाळीच्या सुमारास बोनसवरून भडका उडाला तेव्हा मोर्चे घाटकोपरला त्यांच्या दारात धडकले. का, हे कळायला 1946 चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा बघावा लागतो. मुंबईतला अख्खा कापडधंदा एक घटक धरायचा, त्यात 25 टक्के सभासद दाखवणारी युनियन ‘प्रातिनिधिक’, आणि मालकाशी बोलायचा हक्क तिचाच. हा मान राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होता. उरलेल्यांनी काय करायचं? म्हणून हा कायदा रद्द करा, अशी संपाची मागणीच होती.

दुसरी मागणी बदली कामगारांची. पाळीच्या आधी गेटवर येऊन उभं राहायचं. कायम कामगारांपैकी कुणी खाडा केला तर साचेखात्यात, म्हणजे मागांच्या विभागात, आत जायचं, नाहीतर डबा तसाच घेऊन खोलीवर परत. महिन्यातले कित्येक दिवस असेच जायचे आणि अशी वर्षानुवर्षं काढलेली माणसं होती. त्यांना भोळं म्हणायला जीभ रेटते तरी कशी? डिसेंबर 1984 मध्ये देशभर काँग्रेसची लाट असताना, संपाला जवळजवळ तीन वर्षं होऊन गेल्यावर, दक्षिण मध्य मुंबईनं सामंतांना लोकसभेवर निवडून दिलं.

“युनियन म्हणजे दादागिरी.”

काही ठिकाणी आहे. युनियनच्या लेटरहेडवर वसुली करणारे महाभाग प्रत्येक एमआयडीसीत सापडतील. त्यांच्यावर गुन्हे नोंदवावेत. बनावट डॉक्टर सापडला म्हणून कुणी दवाखाने बंद करत नाही.

“आता गरजच संपली.”

चेन्नईजवळ श्रीपेरुंबुदूरला सॅमसंगच्या फ्रिज, वॉशिंग मशीन बनवणाऱ्या कारखान्यात सप्टेंबर 2024 मध्ये संप सुरू झाला आणि 37 दिवस चालला. मुख्य भांडण आमची युनियन माना, याचंच. नोंदणी मिळायला जानेवारी 2025 उजाडला. नोव्हेंबर 2025 पासून चार श्रमसंहिता, म्हणजे कामगारांविषयीचे केंद्राचे नवे कायदे, लागू झाल्यात. संपाआधी 14 दिवसांची नोटीस सगळीकडे सक्तीची, आणि निम्म्या लोकांनी मिळून एकाच दिवशी किरकोळ रजा टाकली तरी तो संप. गरज संपलेल्या गोष्टीवर इतकी कुलपं कोण लावतं?

ॲपवाल्यांचं म्हणाल तर युनियन अवघड आहे, हे खरं. गेट नाही, पाळी नाही, मालक दिसत नाही, आयडी बंद झाला तर दाद कुणाकडे मागायची ते ठाऊक नाही. पण असा कामगार महाराष्ट्राला नवा नाही. बाजारातल्या हमालालाही एक मालक नव्हता. आज या गाळ्यावर, उद्या त्या. अण्णासाहेब पाटलांनी या लोकांची संघटना बांधली आणि 1969 मध्ये माथाडी कायदा झाला. व्यापाऱ्यानं मजुरी आणि तिच्यावर लेव्ही, म्हणजे वरचा आकार, माथाडी मंडळात भरायची, मंडळानं टोळीतल्या माणसांना पगार द्यायचा आणि लेव्हीतून त्यांचा फंड, ग्रॅच्युइटी, बोनस भागवायचा. हमाल कुणाच्याच मस्टरवर नसला तरी त्याला हे मिळतं.

कर्नाटकानं 2025 मध्ये गिग, म्हणजे ॲपवरच्या, कामगारांसाठी कायदा केला. कामगाराला मिळणाऱ्या प्रत्येक मोबदल्यावर कंपनीकडून 1 ते 5 टक्के शुल्क घ्यायचं, ते कल्याण मंडळाकडे जाणार. शिवाय कामावरून काढायचं तर 14 दिवस आधी लेखी कारण द्यायचं. राजस्थाननं मंडळ आणि शुल्काचा कायदा 2023 मध्येच केला होता. दोन्हीकडे ॲपवर काम करणाऱ्यांच्या संघटना मागे लागल्या होत्या, आणि दोन्हीकडे रचना पाहिली तर माथाडी मंडळाचीच.