मॅट की क्रीम?

लेखात मॅट (चमक नसलेली) नेलपॉलिश क्रीम म्हणजे गुळगुळीत, चमकदार पॉलिशपेक्षा जास्त टिकते असं म्हटलंय, ते मला पटलं नाही. बर्डीच्या बाजारातून एकाच मरून रंगाच्या दोन्ही बाटल्या आणल्या आणि उजव्याच हाताच्या बोटांना आलटूनपालटून लावल्या. तिसऱ्या दिवशी भांडी घासताना मॅटचे टोकाकडून टवके निघाले. क्रीम पाचव्या दिवसापर्यंत शाबूत! फिकट न्यूड (त्वचेच्या रंगाचा) शेड मात्र वरण-भात कालवला की हळदीने पिवळा पडतो, त्यावर टॉपकोट, म्हणजे वरून पारदर्शक थर हवाच.

आणि आपल्या नागपूरच्या मे महिन्यात बाटली घट्ट झाली, तर कृपा करून त्यात रिमूव्हर ओतू नका. रिमूव्हरमधल्या अ‍ॅसिटोनने पॉलिश बिघडते. ब्यूटाइल अ‍ॅसिटेटवाल्या (हे पॉलिशमधलंच द्रावक) नेलपॉलिश थिनरचे दोन-तीन थेंब टाका, बाटली तळहातांत हळू घोळवा.