इंटर्नला जुना कोड काढायला देतात तेव्हा

मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीतली इंटर्नशिप संपवून आल्यापासून ज्युनिअर्स एकच विचारतात, "तिथे नवीन काय बनवलंस?" उत्तर ऐकून त्यांचा चेहरा पडतो, कारण मी नवीन काहीच बनवलं नाही. वापरात नसलेला जुना कोड शोधायचा आणि काढून टाकायचा, हे माझं काम होतं. आणि माझ्या आजवरच्या शिक्षणात याच कामाने मला सगळ्यात जास्त शिकवलं, हे मी पूर्ण विचार करून लिहितेय.

आधी काम काय ते सांगते. मोठी कंपनी नवीन सुविधा एकदम सगळ्यांना देत नाही. कोड आधीच सर्व्हरवर गेलेला असतो, पण एका फीचर फ्लॅगच्या मागे, म्हणजे बंद ठेवलेल्या एका बटणाच्या मागे. मग ते बटण आधी कंपनीतल्या लोकांसाठी चालू होतं, नंतर थोड्या वापरकर्त्यांसाठी, सगळं सुरळीत दिसलं की सर्वांसाठी. मध्येच काही बिघडलं तर लगेच बंद करता येतं. पद्धत उत्तमच आहे. अडचण नंतर सुरू होते. सुविधा सगळ्यांपर्यंत पोचली की फ्लॅग आणि तो बंद असताना चालणारा जुना कोड काढायला हवा, पण तोवर टीम पुढच्या कामाला लागलेली असते. फ्लॅग तसाच राहतो. असे १० फ्लॅग साठले तर चालू-बंदच्या मिळून १०२४ जोड्या होतात, आणि त्या सगळ्या कोणीही तपासत नाही.

याने काय होऊ शकतं? अमेरिकेतल्या नाइट कॅपिटल या शेअर ट्रेडिंग कंपनीचं उदाहरण प्रत्येक कॉम्प्युटरच्या विद्यार्थ्याने वाचावं. १ ऑगस्ट २०१२. नवीन कोड ८ सर्व्हरवर टाकायचा होता, एक सर्व्हर राहून गेला. त्या सर्व्हरवर कित्येक वर्षं न वापरलेला एक जुना कोड तसाच पडून होता, आणि नवीन सुविधेसाठी त्याच जुन्या कोडचा फ्लॅग पुन्हा वापरला होता. बाजार उघडल्यावर जुना कोड जागा झाला आणि ऑर्डरमागून ऑर्डर सोडत सुटला. साधारण ४५ मिनिटांत ४४ कोटी डॉलरहून जास्त नुकसान. पुढच्या वर्षी ती कंपनी दुसऱ्या कंपनीत विलीन झाली. मेंटरनी पहिल्याच आठवड्यात मला हे प्रकरण वाचायला दिलं, आणि आपल्याला "साफसफाई"चं काम दिलंय ही माझ्या मनातली भावना तिथेच गेली.

आता प्रत्यक्ष काम. इफ-एल्समधली, म्हणजे कोडमधल्या "असं असेल तर हे, नाहीतर ते" यातली एक बाजू उडवायला काही मिनिटं पुरतात. ती बाजू खरंच मेलेली आहे हे सिद्ध करायला दिवसच्या दिवस जातात. फ्लॅगचं नाव सर्च केलं आणि एकाच ठिकाणी सापडलं म्हणून काम झालं असं नसतं. कुठेतरी ते नाव दोन तुकडे जोडून तयार होत असतं, ते सर्चमध्ये येतच नाही. कधी दुसऱ्या टीमच्या रिपॉझिटरीत, म्हणजे त्यांच्या कोडच्या साठ्यात, त्याचा वापर निघतो. कधी एखाद्याच्या फोनवर अ‍ॅपची फार जुनी आवृत्ती असते आणि ती अजून जुन्याच पद्धतीने सर्व्हरशी बोलत असते. मग लॉग, म्हणजे सर्व्हरने ठेवलेल्या कामाच्या नोंदी बघायच्या, हा जुना कोड अजून कोणी वापरतंय का. माझ्या एका पुल रिक्वेस्टवर, म्हणजे बदल तपासून घ्या या विनंतीवर, रिव्ह्यू करणाऱ्या सीनिअरनी एवढंच लिहिलं होतं, "महिनाअखेरचं काय?" काही प्रोग्रॅम महिन्यातून एकदाच चालतात, काही वर्षातून एकदा. आठवडाभराचे लॉग शांत आहेत यावरून काहीच ठरत नाही. आम्ही महिनाअखेर होऊ दिली, पुन्हा लॉग पाहिले, मगच तो बदल मुख्य कोडमध्ये मर्ज झाला.

या सगळ्यात मी लिहिलं अगदी थोडं, वाचलं मात्र भरपूर. कॉलेजमध्ये नेमकं उलट असतं. कोऱ्या फाइलपासून प्रोजेक्ट लिहायचा, सबमिशन, व्हायवा, आणि पुन्हा ती फाइल कोणी उघडत नाही. दुसऱ्याने लिहिलेला कोड समजून घेऊन त्यात बदल कर, असं परीक्षेत कोणी कधी विचारलं नाही. कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं गिट २००५ पासून आहे आणि ते आम्ही शिकतोही, पण फक्त कोड वर चढवायला. कुठली ओळ शेवटी कोणत्या बदलात आली आणि तो बदल करताना काय कारण लिहिलं होतं, हे शोधायलाही ते असतं, हे मला इंटर्नशिपमध्ये कळलं. कमिट मेसेजमध्ये, म्हणजे बदलासोबतच्या टिपणीत, नुसतं "फिक्स" लिहिणाऱ्याने पुढच्या माणसाचा अख्खा दिवस खाल्लेला असतो. आणि ज्याने दोन ओळींत कारण लिहून ठेवलंय त्याला मी मनापासून धन्यवाद दिलेत, तो कंपनी सोडून गेला असला तरी.

शिक्षकांना कळकळीची विनंती आहे: एका सेमिस्टरला तरी मागच्या बॅचचा प्रोजेक्ट पुढच्या बॅचच्या हातात द्या. त्यातला एक बग काढायला सांगा, एक सुविधा वाढवायला सांगा. नवीन लॅब लागत नाही, पैसे लागत नाहीत.

रिव्ह्यूबद्दलही लिहायला हवं. दुसऱ्यांनी बसून कोड तपासायची शिस्तबद्ध पद्धत मायकेल फॅगन यांनी आयबीएममध्ये असताना १९७६ मध्ये मांडली, म्हणजे कल्पना जुनीच. पण ती चालू असलेली बघणं वेगळं. खूप वर्षांचा अनुभव असलेल्या माणसाचाही कोड परत येतो, तो शांतपणे दुरुस्त करून पुन्हा पाठवतो, आणि कोणालाच त्यात कमीपणा वाटत नाही. शिकाऊ मुलीने सीनिअरच्या कोडवर शंका काढली तरी तिला नीट उत्तर मिळतं. मला मिळालं.

सगळंच चांगलं होतं असं मुळीच नाही. सुरुवातीचे कितीतरी दिवस नुसते अ‍ॅक्सेस मिळण्याची वाट बघण्यात गेले. मला शिकवणाऱ्या मेंटरचं स्वतःचं काम मात्र जराही कमी केलेलं नव्हतं. माझ्यासाठी दिलेला वेळ ते संध्याकाळी उशिरापर्यंत थांबून भरून काढायचे, आणि हे मला अजिबात पटलं नाही. इंटर्न घ्यायचा असेल तर शिकवणं हे मेंटरच्या कामातच धरलं पाहिजे.

त्याहून वाईट प्रकार म्हणजे इंटर्नसाठी मुद्दाम बनवलेला खोटा प्रोजेक्ट. माझ्या एका मैत्रिणीने दुसऱ्या कंपनीत खपून एक डॅशबोर्ड बनवला. शेवटच्या दिवशी प्रेझेंटेशन झालं, टाळ्या झाल्या, आणि तो कधीच वापरात आला नाही. तिची मेहनत वाया गेलीच, पण आपला कोड खऱ्या वापरात टिकतो का हे बघायची संधीही गेली. त्यापेक्षा एखादा लहानसा, पण खरा बग द्या.

म्हणून यंदा इंटर्नशिपला जाणाऱ्यांनी पहिल्या आठवड्यातच मॅनेजरना सरळ विचारा: मी गेल्यावर हे काम कोण सांभाळणार? एखाद्या टीमचं किंवा माणसाचं नाव सांगितलं तर निर्धास्तपणे कामाला लागा. कोणीच सांभाळणार नसेल, तर चालू प्रॉडक्टमधलं लहानसं काम नम्रपणे मागून घ्या, मग ते जुना कोड काढण्याचं असलं तरी चालेल.