उरलीसुरली चिठ्ठी

रविवारी आमच्या सोसायटीत गाड्यांच्या जागांसाठी चिठ्ठ्या काढल्या. इमारतीखालची जागा बिल्डरला वेगळी विकता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये ठरवले. तेव्हापासून हे भांडण बिल्डरऐवजी शेजाऱ्यांशी करावे लागते. गाड्या बारा, छपराखाली जागा पाच, उन्हात सात आणि माझी पाळी बारावी.

“म्हणजे तुमच्या वाट्याला उरलंसुरलं,” दहाव्या पाळीचे नाना म्हणाले.

गप्प बसणे मला कधी जमलेले नाही. काढलेली चिठ्ठी परत टाकली नाही तरी पहिल्याला आणि शेवटच्याला संधी सारखीच, बारांत पाच, कारण तळाशी उरणारी चिठ्ठी बारांपैकी कोणतीही असू शकते, हे मी त्यांना समजावले.

“मग परतच टाका ना! सगळ्यांना भरल्या डब्यातून काढू द्या.”

“आणि एकच जागा दोघांना निघाली तर?”

“सम-विषम तारखा.”

“तिघांना निघाली तर?”

नानांनी चष्मा पुसला. “तिसऱ्याला अधिक मास.”

नानांच्या पद्धतीने बारा जणांना बारा वेगळ्या जागा निघण्याची शक्यता साधारण साडेअठरा हजारांत एक आहे, हे मी कागदावर मांडेपर्यंत नऊ चिठ्ठ्या निघाल्या होत्या आणि छपराखालची एकच जागा शिल्लक होती. म्हणजे आता तिघांत एक.

माझा आक्षेप डब्याला आहे. अमेरिकेत 1969 साली सैन्यभरतीसाठी जन्मतारखांच्या 366 कुप्या नीट न ढवळल्यामुळे वर्षअखेरीस जन्मलेल्या तरुणांच्या तारखा अधिक करून आधी निघाल्या होत्या. आमच्या सचिवांनी लाडवांचा डबा एकदाच हलवला, तोही झाकण बसेना म्हणून.

ती जागा नानांना मिळाली. त्यांची गाडी चार वर्षांत जागची हललेली नाही. तिच्या टपावर मांजर विते.

“दहावी पाळी असूनही मिळाली!” नाना माझा हात हातात घेऊन म्हणाले. “तुमचं गणित अगदी बरोबर होतं हो.”

अकराव्याने चिठ्ठी काढल्यावर माझी चिठ्ठी उघडण्याचेही कष्ट कोणी घेतले नाहीत. माझी जागा जांभळाच्या झाडाखाली आहे आणि हा जून महिना आहे. सोमवारपासून मी रोज सकाळी दोन बादल्या पाण्याने टपावरचे डाग खरवडतो, आणि नाना खिडकीतून मला पाणीकपातीची आठवण करून देतात.