चारही बाजूंनी पाहा म्हणे!

जादू शिकवणाऱ्या व्हिडिओवाल्यांनो, काहून गंडवता बाप्पा? जाहिरातीत म्हणायचं, 'कुठंही करा, कोणी घेरलं तरी चालते.' पैसे भरले की आत कळते, लांब बाह्यांचा कोट पाहिजे, मागं काळा पडदा पाहिजे अन् पाहणारा समोरच बसला पाहिजे. आमचे पोट्टे पारावर गराडा घालून बसतात, एखादं मागून बनियनमध्येच डोकावते. अन् मे महिन्यात, ४५ अंशात कोट?

नोट हवेत उडवायच्या त्या न दिसणाऱ्या धाग्याचं तर विचारूच नका. अंधुक उजेडात, गडद कपड्यापुढंच तो लपते. आमच्या उन्हात असा चमकते की आबाजी दुरूनच ओरडते, "दोरा लटकला रे तुह्या हाताले!"

जाहिरातीत मात्र नोट उडते, पोरी किंचाळतात, अन् हात खिशात जायच्या नेमक्या वेळी कॅमेरा पोरींच्या तोंडाकडं वळते. आठवडी बाजारातला मदारी भुईवर बसून, गर्दीच्या मधात पेले-गोळ्यांचा खेळ करते. ना पडदा, ना एडिटिंग.

आपल्या अंगठ्यावर चढवायच्या पोकळ नकली अंगठ्यात रुमाल लपवायची युक्ती तर जुनीपुराणी, तिलेच नवं नाव देऊन 'जगात पहिल्यांदा' म्हणून विकतात. अंगठ्याचं टोक पाहणाऱ्याकडं ठेवा, आडवा धरला की उघडा पडते, एवढं सांगायले यांच्यापाशी वेळ नाही. पुढच्या व्हिडिओची जाहिरात करायले बरोबर असते!