ओळखलंस का?

लग्नात कुणी काकू समोर येऊन "ओळखलंस का?" म्हणाल्या की माझ्या पोटात गोळाच येतो. अशा माणसाने चाळिशीत पक्षी ओळखायला निघावं? दुर्बीण घरी आली तेव्हा बायको एवढंच म्हणाली, "आधी स्वतःचा मावसभाऊ ओळखायला शीक."

सुरुवात सोसायटीच्या बागेतून झाली. पहाटेपासून एका लयीत टुक-टुक-टुक. पंप बिघडला असणार, म्हणून मी चेअरमनना उठवलं. पंप वडाच्या शेंड्यावर बसला होता. चिमणीएवढा, हिरवा, कपाळावर लाल टिळा. तांबट! भांडं ठोकल्यासारखा आवाज, म्हणून तांबट. जन्म पुण्यात, तांबट आळी हाकेच्या अंतरावर, तरी मला पंप सुचला. चेअरमन हल्ली ओळख दाखवत नाहीत.

मग ज्येष्ठात गॅलरीसमोर शिक्रा आला. राखी पाठ, पट्टेरी शेपूट, डोळ्यांत जरब. फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला, 'आमच्याकडे शिकारी पाहुणे'. तेवढ्यात पाहुण्यांनी चोच उघडली आणि "पेरते व्हा, पेरते व्हा" सुरू केलं. पावशा! शिक्र्यासारखं दिसणं हा त्याचा धंदाच. छोटे पक्षी घाबरतात आणि हा सातभाईंच्या घरट्यात आपलं अंडं उरकून घेतो. सात भाऊ मिळून फसतात, तिथे माझं एकट्याचं काय चालणार?

हिवाळ्यात वेताळ टेकडीवर वटवटे बघायला गेलो. सगळे दिसायला सारखे, आठ-दहा ग्रॅमचे, आणि एकही जण क्षणभर स्वस्थ बसेल तर शपथ. सोबतचे जाणकार कुजबुजत होते, "भुवई बघा, भुवई! पंखावरचा पट्टा बघा!" मी सकाळभर पानंच बघितली. एकालाही भुवई नव्हती.

शेवटी रत्नागिरीजवळ मामीकडे गेलो. अमावास्येची ओहोटी, खडक लांबवर उघडे पडलेले. मामी कालवं काढायला निघाली, मी पुस्तक घेऊन मागे.

"मामी, हे काय?"

"कालव. खातात."

डबक्यात एक गुलाबी फूल डुलत होतं. बोट लावताच मिटून जेलीचा गोळा झाला.

"समुद्रफूल!" मी पान उघडून ओरडलो.

"ते नाय खात."

अख्खी जीवसृष्टी दोन खान्यांत. एवढं बिनचूक वर्गीकरण माझ्या पुस्तकातही नव्हतं. पुढे मी छातीठोकपणे एक गोगलगाय ओळखली. तिला नांग्या फुटल्या आणि ती तिरकी चालू लागली.

"खेकडा आहे तो," मामी म्हणाली. "शंख दुसऱ्याचा. भाडेकरू."

परतताना पाखाडीवर एकाने वाट अडवली. "काय रे, ओळखलंस का?"

मी सवयीने आधी भुवई बघितली. जाड, ठळक. पंखावर पट्टा नाही.

"अरे, म्हणजे काय!" मी म्हणालो. "पिल्लं कशी आहेत?"