‘सोडली’ असं मी लिहिलं होतं: तांबोशीच्या लेखावरील एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई,
सप्रेम नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली, काल पुन्हा वाचली. दोन ओळींत आभार मानून पुढे जावं असं मन होईना, म्हणून हे लांबलचक उत्तर.

मूळ लेख ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात सांगतो. जानेवारीत मी आणि माझा शाळेपासूनचा मित्र, दोघेही बडोद्याचे, त्याच्या आजोळी विजयदुर्गाला गेलो होतो. त्याच्या मामांच्या होडीतून आम्ही दोन रात्री तांबोशी हा मासा गरवला, म्हणजे गळ आणि दोरीने (गरीने) धरला. पहिली रात्र वाघोटन खाडीच्या तोंडाशी, दुसरी बाहेर उघड्या समुद्रात. लेखासोबत एक फोटो होता, त्यात मी खाडीतली तांबोशी दोन्ही हातांत धरून उभा आहे. आणि शेवटी एक वाक्य होतं: बाहेरची एक लहान निघाली, ती आम्ही सोडली.

तुम्ही लिहिलंत की फोटोतली तांबोशी जेमतेम किलोभराची आहे, तिने अजून एकदाही अंडी घातलेली नाहीत, मग कौतुक कसलं? खोल पाण्यातून ओढून काढलेला मासा सोडला तरी जगत नाही, त्यामुळे ‘सोडली’ हे नुसतं मनाचं समाधान. आणि बडोद्यात राहणाऱ्याने हौसेने दर्यावर जाऊन आमच्या पोटापाण्याच्या कामावर गोड गोड लिहू नये, मासे खायचे तर बाजारातून आणावेत. तुमचे वडील गरी टाकून घर चालवत हेही तुम्ही लिहिलंत. तुम्ही हे ऐकीव माहितीवर लिहिलेलं नाही, एवढं त्यावरून मला कळलं.

आधी त्या ‘सोडली’बद्दल, कारण मला सगळ्यात जास्त तेच लागलं.

दुसऱ्या रात्री आम्ही १५ वाव पाण्यात नांगर टाकला होता. साधारण ९० फूट. मामांनी तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी, उजव्या हाताच्या तर्जनीवरून सोडला होता आणि बोटाच्या पेरावर त्याचा ताण तोलत ते बसले होते. माझ्या हाताला काहीच कळत नव्हतं. शिसं तळाला टेकलं की नाही तेही ते मला सांगत होते. मग एकदम माझी दोरी जड झाली, आणि मामा ओरडले, “सोडू नको, फटीत गेली तर परत गावाची नाय!” तांबोशी गळाला लागली की सरळ खडकाकडे धावते, हे मी वाचलं होतं. पण ती ओढ हातात आली तेव्हा दोरी बोटात रुतली आणि वाचलेलं सगळं विसरलो.

वर आली ती वीतभर लांब. बॅटरीच्या उजेडात तिच्या अंगावर विटकरी रंग होता आणि तोंडातून एक गुलाबी फुगा बाहेर आला होता. डोळेही बाहेर आल्यासारखे. मी घाबरून तिला लगेच पाण्यात टाकलं. ती आडवी पडली. शेपटी दोनतीनदा हलली, पण खाली जाता येईना. होडीच्या बाजूने तरंगत ती प्रवाहाबरोबर मागे गेली आणि उजेडाच्या बाहेर पडली. मित्र काही बोलला नाही. मामा म्हणाले, “आता ती सकाळी घारीक.”

हे मी लेखात लिहिलं नव्हतं. ‘सोडली’ एवढंच लिहिलं. तुम्ही तिथेच बोट ठेवलंत आणि ते बरोबर ठेवलंत.

असं का होतं ते मी परत आल्यावर नीट समजून घेतलं. माशाच्या पोटात हवेची पिशवी असते, कोळी तिला बोत म्हणतात. तांबोशीच्या बोताला घशाकडे उघडणारी नळी नसते, त्यामुळे आतली हवा पटकन बाहेर टाकता येत नाही. ती रक्तातून हळूहळू कमीजास्त होते. पाण्यात दर ३३ फुटांना एका वातावरणाइतका दाब वाढतो, म्हणजे ९० फुटांवर तो वरच्यापेक्षा जवळजवळ पावणेचार पट असतो. मासा मिनिटभरात वर ओढला की तीच हवा तेवढ्या पटीने फुगते आणि पोटातले अवयव रेटते. तोंडातून आलेला तो गुलाबी फुगा म्हणजे बोत नव्हे, ते उलटं झालेलं जठर. पुष्कळ लोक त्यालाच सुई टोचतात आणि मासा वाचवला असं समजतात. प्रत्यक्षात आणखी एक जखम होते.

मेक्सिकोच्या आखातात तांबोशीच्याच कुळातला लाल मासा गरवायला लोक मोठ्या संख्येने जातात. तिथे अमेरिकेच्या हद्दीत २०२२ मध्ये खडकातले मासे धरणाऱ्या होडीवर माशाला पुन्हा खोल नेऊन सोडायचं साधन, किंवा बोतातली हवा योग्य जागी टोचून काढायचं साधन, तयार ठेवणं कायद्याने सक्तीचं झालं. खोल नेण्याचं साधन अगदी साधंही असू शकतं: उलटा काटा काढून टाकलेला एक गळ उलटा बांधायचा, त्याला भरपूर शिसं लावायचं, माशाच्या जबड्यात अडकवून त्याला तळाकडे जाऊ द्यायचं आणि खाली झटका देऊन मोकळं करायचं. खाली गेला की दाब वाढतो, हवा आक्रसते, आणि मासा सरळ होतो. मामांकडे शिसंही होतं आणि गळही होता. मला हे आधी माहीत असतं तर त्या रात्री पाच मिनिटांचं काम होतं.

आता फोटोतल्या तांबोशीबद्दल. इथेही तुमचं म्हणणं खरं आहे, आणि त्यात थोडी भर घालावीशी वाटते. तांबोशीचं बालपण खाडीत जातं. तिवरांच्या मुळांत, खाडीच्या अगदी आत, कधी गोड्या पाण्याच्या ओहोळापर्यंत ही पिल्लं जातात. अंगावर फिकट उभे पट्टे असतात आणि डोळ्याखाली निळी रेघ. वाढली की ती खाडी सोडून बाहेरच्या खडकांवर जाते आणि तिथे अंडी घालते. मादी दीड फूट ओलांडल्यावरच कुठे वयात येते. तीस वर्षांहून जास्त जगू शकणारा हा मासा आहे. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये ३५ सेंटिमीटरपेक्षा लहान तांबोशी ठेवता येत नाही आणि माणशी पाचांपेक्षा जास्त नाही. त्या मापाहून मोठ्या असलेल्या कितीतरी तांबोश्यांनीही अजून अंडी घातलेली नसतात.

म्हणजे खाडीच्या तोंडाशी रात्री गरी टाकली की बहुतेक वेळा हाताला लागणार ती अजून लहान असणारी. मी जी धरून हसतो आहे ती खाडीतून बाहेर पडायच्या बेतात असणार. अजून थोडा काळ गेला असता तर ती बाहेरच्या खडकावर पोचली असती. आणि उलटी गोष्ट अशी की तिला सोडलं असतं तर ती बहुधा जगली असती, कारण खाडीत आम्ही जेमतेम तीन वाव पाण्यात होतो. जिला सोडायला हवं होतं ती आम्ही ठेवली, आणि जिला सोडून उपयोग नव्हता ती सोडली. हे लिहिताना मला बरं वाटत नाही, पण झालं ते असंच झालं.

तरीही मी मामांच्या बाजूने एक गोष्ट सांगतो. त्यांनी ती तांबोशी ठेवली तेव्हा त्यांच्या घरी रात्रीच्या कालवणाला दुसरं काही नव्हतं. मामींनी डोक्याचं कालवण केलं, तुकड्या तळल्या, आणि सहा माणसं जेवली. आम्ही पाहुणे नसतो तर मामा एकटे गेले असते आणि तीच तांबोशी आणली असती. त्यांना मी माप सांगायला जाणार नाही. माझं वेगळं आहे. मी सुमारे आठशे किलोमीटरवरून गाडीने कणकवलीला उतरून आलो होतो आणि माझ्या घरी वरण-भात होता. तुम्ही मला जे विचारलंत ते मामांना विचारलं नव्हतंत, हा फरक मी नीट लक्षात घेतला आहे.

पण ‘मासे बाजारातून आणा’ हे मात्र मला पटत नाही, ताई. आम्ही सीकेपी, बडोद्यात चार पिढ्या झाल्या, आणि घरात माशांचा डबा कधी बंद झाला नाही. इथे मासा येतो तो बर्फात, दोनतीन दिवसांचा. कुठल्या होडीने काढला, किती खोलीवरून, त्याच्याबरोबर जाळ्यात आणखी काय काय आलं आणि परत फेकलं गेलं, यातलं काहीही मला कळायचा मार्ग नसतो. ट्रॉलरचं जाळं तळ खरवडत जातं, त्याला लहानमोठं कळत नाही. मामांच्या गरीला एका वेळी एक मासा लागतो, आणि तो हातात आल्यावर तरी माणसाला विचार करता येतो. मी त्या रात्री तो नीट केला नाही, हा दोष गरीचा नाही. बाजारातून घेतलेल्या तुकडीने माझा हिशेब चुकता होत नाही, फक्त तो मला दिसेनासा होतो. त्या वीतभर तांबोशीला तरंगत जाताना मी पाहिलं नसतं, तर यातलं काहीच शिकलो नसतो.

बडोदेकराचा दर्याशी काय संबंध, असंही तुमच्या लिहिण्यात होतं. यावर एकच सांगतो, कारण हा माझ्या आवडीचा विषय आहे. ओखामंडळ, म्हणजे द्वारकेकडचा किनारा, बडोद्याच्या गायकवाडांच्या राज्यात होतं. सयाजीराव महाराजांच्या काळात, १९०५-०६ च्या हिवाळ्यात, जेम्स हॉर्नेल या तज्ज्ञाकडून बडोदा सरकारने तिथल्या समुद्रातल्या जीवांची पाहणी करवून घेतली, आणि त्या अहवालाचा पहिला भाग १९०९ साली छापला गेला. मोत्यांचे शिंपले सांभाळता येतील का, हा त्यातला एक मोठा प्रश्न होता. किनाऱ्यापासून इतक्या लांब राजधानी असलेल्या राज्याने काढण्याआधी मोजायचं ठरवलं, याचं मला फार वाटतं. आजही रावपुऱ्याजवळच्या मच्छीपीठातून जाताना मला हे आठवतं. मात्र या गोष्टीमुळे मला गाबीत, म्हणजे कोकणातल्या मच्छीमार समाजाच्या, घरातल्या माणसासारखं बोलायचा हक्क मिळत नाही, हे मी मान्य करतो. लेखात ‘आपली गरी’, ‘आपला दर्या’ असं चार ठिकाणी आलं होतं. ते आज काढून टाकलं.

आणखी काय बदललं ते सांगतो. ‘सोडली’ या वाक्याच्या जागी त्या रात्री जे झालं ते जसंच्या तसं लिहिलं आहे. फोटो ठेवला आहे, पण खाली तांबोशीची लांबी आणि ती वयात आलेली नव्हती हे लिहिलं आहे, म्हणजे दुसरा कोणी हौशी माणूस ते पाहून तसाच फोटो काढायला जाणार नाही.

मित्राशी काल फोनवर तासभर बोललो. पुढच्या वेळी बाहेर खोल पाण्यात जायचं नाही असं दोघांनीही ठरवलं. मामांना जायचं असेल तर आम्ही होडीत बसू, दोरी त्यांची. खाडीत आम्ही गोल वळलेले गळ वापरणार आहोत, जे पोटात न जाता जबड्याच्या कोपऱ्यात अडकतात, आणि त्यांचा उलटा काटा पक्कडीने चेपून घेणार आहोत. या गळाला झटका द्यायचा नसतो, ताण आला की नुसतं धरून राहायचं असतं. मित्राला ते जमेल, मला सराव करावा लागेल. दोन फुटांखालची तांबोशी पाण्यातून बाहेर न काढताच मोकळी करायची. आणि घरच्यापुरता एक मासा मिळाला की दोऱ्या गुंडाळायच्या, मग रात्र कितीही उरलेली असो.

जून-जुलैत यांत्रिक होड्या बंद असतात, त्यामुळे आता नारळी पौर्णिमेनंतरच जाणं होईल.

एक विचारायचं राहिलं. तुमचे वडील गरी टाकत तेव्हा खाडीतली लहान तांबोशी ते ठेवत की सोडत, हे तुम्हाला आठवतं का? मामांना विचारलं तर ते म्हणाले की त्यांचे वडील तळहाताएवढी आली की पाण्यात टाकायचे, “वाढू दे” म्हणून, पण त्याचं माप काय होतं ते त्यांना सांगता आलं नाही. तुमच्या घरी असं काही माप असेल, बोटाचं, वितेचं, कशाचंही, तर जरूर लिहा. मी ते मामांनाही कळवीन.

आपला,
बडोद्याहून