‘बोर्ड बोगस, आवाजच येत नाही’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार सर,

तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू आणि त्यासोबतचे दोन्ही फोटो नीट बघितले. तुमची तक्रार थोडक्यात अशी: आमच्या पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या दुकानातून मुलासाठी जुन्या गेम्सचा बॉक्स घेतला, आत रास्पबेरी पाय ४ हा छोटा कॉम्प्युटर बोर्ड आहे. दुकानात सगळं चाललं, पण घरच्या टीव्हीवर चित्र येतं आणि आवाज येत नाही. व्हिडिओ बघून कॉन्फिग फाइलमध्ये, म्हणजे बॉक्सच्या सेटिंगच्या फाइलमध्ये, एक ओळ घातली, उपयोग झाला नाही. दुसऱ्या एका दुकानात दाखवलं तर ‘साउंड आयसी (आवाजाची चिप) उडालाय’ म्हणाले. आणि आमच्या दुकानात काम करणाऱ्या मुलाने फोनवर ‘हेडफोन लावून बघा’ सांगून टोलवलं. म्हणून बोर्ड बोगस, पैसे परत द्या.

आवाज नसेल तर या गेम्समध्ये काही राम नाही, हे मला पूर्ण मान्य आहे. कॅसेट घालून खेळलेल्या आपल्या पिढीला तर ते आधी कळतं. मुलासमोर बॉक्स चालू केला आणि टीव्ही मुका राहिला, तर चिडचिड होणारच. पण बोर्ड बोगस नाही, आणि ‘आयसी उडाला’ हे निदान इथे लागूच पडत नाही.

एचडीएमआय, म्हणजे बॉक्स टीव्हीला जोडणाऱ्या केबलची पद्धत, तिच्यात आवाजासाठी वेगळी तार नसते. ज्या तारांवरून चित्र जातं त्यांवरूनच, चित्राच्या ओळींमधल्या मोकळ्या वेळात, आवाजाची पाकिटं पाठवली जातात. या बोर्डवर चित्र आणि एचडीएमआयचा आवाज दोन्ही मुख्य चिपमधूनच निघतात, एचडीएमआयच्या आवाजासाठी वेगळा आयसी नाही. तुमच्या टीव्हीवर चित्र स्वच्छ दिसतंय, म्हणजे तारा, पोर्ट आणि चिप आपलं काम करताहेत. आवाज पाठवायचाच नाही, असं बहुधा बोर्डाने ठरवलंय.

असं का ठरवतो? बोर्ड सुरू होताना टीव्हीकडून त्याची माहिती वाचतो. तिला ईडीआयडी म्हणतात. ‘मला आवाज चालतो’ हे त्या माहितीत नसेल, किंवा टीव्ही बंद असल्याने माहिती मिळालीच नाही, तर बोर्ड डीव्हीआय पद्धतीने चित्र पाठवू शकतो. डीव्हीआय हे १९९९ चं, एचडीएमआयच्या आधीचं मानक. त्यात चित्र असतं, आवाज नसतो. आमच्या बेंचवरचा टीव्ही माहिती व्यवस्थित देतो, म्हणून तुम्ही दुकानात आवाज ऐकलात. घरचा टीव्ही जुना आहे, असं तुम्हीच लिहिलंय.

आता व्हिडिओतली ओळ. ‘एचडीएमआय ड्राइव्ह’ला १ दिला तर डीव्हीआय, २ दिला तर आवाजासकट एचडीएमआय. तुम्ही २ दिलाय, ओळ बंद ठेवणारी सुरुवातीची हॅशची (#) खूणही काढलीय. अगदी बरोबर केलंत. अडचण तुमच्या पहिल्या फोटोत दिसते. पाय ४ ला दोन मायक्रो एचडीएमआय पोर्ट आहेत आणि तुमची केबल ऑडिओ जॅकच्या बाजूच्या, म्हणजे दुसऱ्या पोर्टमध्ये आहे. ओळीत पोर्टचा नंबर दिला नसेल तर ती पहिल्या पोर्टलाच लागू होते. पहिला पोर्ट म्हणजे पॉवरच्या टाइप-सी शेजारचा. आधीच्या पाय ३ ला एकच मोठा एचडीएमआय पोर्ट होता, त्यामुळे त्या काळच्या व्हिडिओंमध्ये हा प्रश्नच येत नाही.

तेव्हा आधी बॉक्स बंद करून केबल पॉवरच्या शेजारच्या पोर्टला लावा. केसची भिंत जाड आहे, प्लग पूर्ण आत बसलाय ना तेही बघा. मग टीव्ही चालू करा, योग्य इनपुटवर न्या, चित्र नसलेला निळा पडदा दिसू द्या, आणि त्यानंतरच बॉक्स चालू करा. दुसऱ्या फोटोत टीव्ही आणि बॉक्स एकाच स्पाइक गार्डवर दिसतात. दोन्ही एका बटणावर सुरू होत असतील तर टीव्ही जागा व्हायच्या आत बोर्ड माहिती विचारून मोकळा होतो. बटणं वेगळी ठेवा.

एवढ्याने नाही झालं तर टीव्हीच्या मागे बघा. जुन्या टीव्हींवर एका पोर्टवर ‘एचडीएमआय/डीव्हीआय’ असं छापलेलं असतं आणि आवाजासाठी शेजारी वेगळी खाच असते. त्या इनपुटला मेनूत ‘डीव्हीआय’ किंवा ‘पीसी’ नाव दिलेलं असेल तर काही टीव्ही केबलमधला आवाज सोडून त्या खाचेतून आवाज येण्याची वाट बघतात. नाव बदला, किंवा सरळ दुसरा पोर्ट वापरा.

हेडफोनबद्दल. आमच्या मुलाला तुम्हाला काही विकायचं नव्हतं. बॉक्सच्या मेनूत आवाज हेडफोनवर वळवला आणि कानात गेम ऐकू आला, तर गेम्स, सॉफ्टवेअर आणि ते ज्यावर आहे ते मेमरी कार्ड यांच्यावरचा संशय एका मिनिटात संपतो. उरतो फक्त टीव्हीकडे जाणारा रस्ता. फोनवर करता येईल अशी याहून चांगली तपासणी मला माहीत नाही, आणि त्याने ती सुचवली याचं मला समाधान आहे.

पैशांचं सांगतो. नवा बोर्ड देऊन विषय मिटवणं मला सोपं होतं. पण तोच टीव्ही, तोच पोर्ट आणि तेच कार्ड ठेवून नवा बोर्डही गप्पच बसला असता आणि तुमची एक चक्कर फुकट गेली असती. वरचं सगळं करूनही आवाज आला नाही तर बॉक्स, तुमची केबल आणि टीव्हीच्या मागच्या लेबलचा फोटो घेऊन या. तुमच्यासमोर बेंचवर लावू. तिथे एचडीएमआयवर आवाज आला नाही तर बोर्ड त्याच वेळी बदलून देईन. आला तर तुमच्या टीव्हीसाठी सेटिंग करून देऊ. कोथरूडहून येणं जमत नसेल तर आमचा माणूस घरी येईल. दोन्हीचे पैसे घेणार नाही.

तोवर एक काळजी घ्या. कार्ड पुन्हा लॅपटॉपला लावलंत तर विंडोज ‘डिस्क फॉरमॅट करा’ असं विचारेल, कारण कार्डाचा दुसरा भाग लिनक्स या वेगळ्या ऑपरेटिंग सिस्टिमचा आहे आणि विंडोजला तो वाचता येत नाही. तिथे ‘कॅन्सल’च दाबा. मुलाने सेव्ह केलेले गेम त्याच भागात आहेत.